आधी डीव्हीआरकडे पाहा

प्रश्न : आमचे सांगलीत दुमजली घर आहे. खाली आम्ही दोघे आणि वर मुलगा, सून व नात राहतात. 100 एमबीपीएसचे फायबर कनेक्शन आहे, परंतु सूनबाई वरच्या खोलीत कामाला बसल्या की संध्याकाळी त्यांची मीटिंग अडकते. भाच्याने राऊटरचे सेटिंग्जचे पान उघडून पाहिले, तर तेथे 14 उपकरणे दिसली आणि त्यांतली चार-पाच आम्हाला ओळखता आली नाहीत. शेजारच्या मुलाला परीक्षेच्या काळात पासवर्ड दिला होता. तो ह्यांचाच मोबाईल नंबर असल्याने आता साऱ्या गल्लीला ठाऊक असावा. गेल्या वर्षी गेटवर, पार्किंगमध्ये, जिन्यात आणि हॉलमध्ये असे चार कॅमेरे बसवून घेतले. मागच्या आठवड्यात “तुमचा राऊटर हॅक झाला आहे” असा फोन आला आणि मोबाईलवर एक ॲप घ्यायला सांगितले गेले. मी फोन ठेवून दिला. भाचा म्हणतो, वायफायचे नाव लपवा. दुकानदार म्हणतो, बूस्टर आणि अँटिव्हायरस घ्या. नेमके काय करावे? आणि शेजारच्या मुलाच्या आईशी बोलावे का?
– एक निवृत्त शिक्षिका, सांगली

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पत्रात मंद इंटरनेट, अनोळखी उपकरणे आणि हॅकिंगची भीती या तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि तिघींचे खापर शेजारच्या मुलावर फुटण्याच्या बेतात आहे. प्रत्यक्षात या तिन्हींची कारणे बहुधा वेगवेगळी असून त्यांतल्या एकीसाठीही आज बाजारात जाऊन काही विकत आणण्याची गरज मला दिसत नाही. आपण जाता जाता लिहिलेले कॅमेऱ्यांविषयीचे वाक्य मात्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यालाच दिला आहे.

प्रथम त्या फोनविषयी. आपण फोन ठेवलात हे अगदी योग्य केलेत. इंटरनेट पुरवणाऱ्याला आपल्या लाईनची स्थिती त्याच्या कार्यालयातून दिसते. त्यासाठी त्याला आपल्या मोबाईलचा पडदा पाहण्याची गरज नसते. पडदा दूरवरून दाखवणाऱ्या अशा ॲपमधून बँक खाती रिकामी केली जातात, हा इशारा रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच दिला होता. ॲप उतरवलेच नसल्यामुळे आपल्याला आता काही करायचे नाही. घरात कोणाकडून असे ॲप चुकून उतरवले गेले आणि पैसे गेले, तर वेळ न दवडता 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि लगोलग बँकेलाही कळवावे.

आता त्या 14 उपकरणांकडे वळू. पाच माणसांच्या घरात 14 हा आकडा मुळीच मोठा नाही. मोबाईल, टीव्ही, सूनबाईंचा लॅपटॉप, नातीचा टॅब, कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारा डीव्हीआर, असल्यास वायफायचा इन्व्हर्टर किंवा दिवा, अशी बेरीज सहज तेथवर जाते. नावे ओळखू न येण्याचे कारणही साधे आहे. स्वस्त स्मार्ट दिव्यांत आणि प्लगांत दुसऱ्याच कंपनीची चिप असते आणि राऊटरच्या यादीत दिव्याच्या ब्रँडऐवजी त्या चिपच्या कंपनीचे नाव उमटते. शिवाय 2019 मध्ये आलेल्या अँड्रॉइड 10 पासून आणि 2020 च्या आयओएस 14 पासून मोबाईल प्रत्येक वायफायला आपला खरा हार्डवेअर पत्ता (यादीतला ‘मॅक ॲड्रेस’) न सांगता त्या वायफायपुरता बनवलेला पत्ता सांगतात. हा पत्ता बारा अक्षरांचा असतो. त्यातले दुसरे अक्षर 2, 6, ए किंवा ई असेल, तर तो पत्ता बनवलेला आहे आणि ते उपकरण बहुधा कोणाचा तरी नवा मोबाईल आहे असे समजावे. काही राऊटर पूर्वी जोडलेली आणि आता घरातही नसलेली उपकरणे यादीत काही काळ तशीच ठेवतात. म्हणून प्रत्येक नावाचा छडा लावत बसण्यापेक्षा वायफायचा पासवर्ड बदलून घरातली उपकरणे एकेक करून पुन्हा जोडावीत, म्हणजे यादी आपोआप स्वच्छ होते आणि संशयालाही जागा राहत नाही.

मात्र पासवर्ड बदलला म्हणून सूनबाईंची मीटिंग सुधारेल, अशी अपेक्षा ठेवू नये. चांगल्या चित्राच्या मीटिंगला साधारण तीन-चार एमबीपीएस पुरतात, त्यामुळे शेजारचा मुलगा व्हिडिओ पाहत असला तरी 100 एमबीपीएसमध्ये दोघांचे सुखाने भागायला हवे; आणि याच कारणाने 200 एमबीपीएसचा प्लॅन घेऊनही काही साधणार नाही. अडचण कोठे आहे ते शोधण्यासाठी, मीटिंग अडकते त्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी, तीन ठिकाणी वेग मोजावा. पहिल्यांदा लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडून, दुसऱ्यांदा केबल काढून राऊटरच्याच खोलीत वायफायवर आणि तिसऱ्यांदा सूनबाईंच्या टेबलावर. केबलवर 90 च्या पुढे आकडा आला, तर पुरवठादाराची लाईन ठीक आहे. केबलवरही संध्याकाळी आकडा 20-25 वर घसरत असेल, तर दोष त्याच्याकडे आहे. त्या आकड्यांचे वेळेसह फोटो काढून ठेवावेत, कारण तोंडी तक्रारीला “राऊटर बंद करून चालू करा” यापलीकडे उत्तर मिळत नाही.

माझा अंदाज असा की केबलवर आणि हॉलमध्ये आकडा चांगला येईल आणि वरच्या टेबलावर तो कोसळेल. आपला राऊटर दोन पट्ट्यांवर बोलत असावा. 5 गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असतो, पण सळ्या घातलेल्या स्लॅबमधून वर जाताना त्याचा जीव जातो. 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा स्लॅब ओलांडतो खरा, परंतु त्यावर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल 1, 6 आणि 11 अशी तीनच आहेत, आणि संध्याकाळी गल्लीतल्या सगळ्या घरांचे वायफाय त्यांवरच गर्दी करते. दिवसा ठीक आणि संध्याकाळी अडखळते, या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते. राऊटर टीव्हीच्या कपाटात किंवा टीव्हीच्या मागे ठेवलेला असेल, तर तो आधी तेथून बाहेर काढावा आणि जिन्याजवळ, डोक्याच्या उंचीवर बसवावा. जिन्याची पोकळी हा वर जाण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर हलवताना तिला तीव्र वळण देऊ नये. ती आतून मोडली तर डब्यावर लाल दिवा लागतो आणि मग तंत्रज्ञाची वाट पाहावी लागते. त्यानंतर 2.4 चे चॅनेल ‘ऑटो’वरून काढून त्या तिघांपैकी सर्वांत मोकळ्या चॅनेलवर ठेवून पाहावे. कोणते मोकळे आहे ते मोबाईलवरच्या कोणत्याही वायफाय ॲनालायझर ॲपमध्ये दिसते.

एवढ्याने भागले नाही तरच खर्चाचा विचार करावा, आणि तेव्हाही बूस्टर घेऊ नये. दुकानात बूस्टर म्हणून मिळणारा स्वस्त रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. मोबाईलवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि मीटिंग पूर्वीसारखीच अडकते. त्याऐवजी खालच्या राऊटरपासून वरच्या खोलीपर्यंत कॅट-6 लॅन केबल ओढून घ्यावी. वायरमन ती केसिंग पट्टीतून नीट बसवून देतो. वर एक साधा राऊटर ॲक्सेस पॉइंट मोडमध्ये, म्हणजे केबलने आलेले इंटरनेट वायफायवर पसरवण्यापुरता, लावावा आणि नाव व पासवर्ड खालच्यासारखाच ठेवावा. सूनबाईंच्या लॅपटॉपला तर थेट केबलच लावावी, म्हणजे त्यांच्यापुरता वायफायचा प्रश्न मिटतो.

पासवर्डबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मोबाईल नंबर हाच पासवर्ड ही पद्धत आपल्याकडे घराघरांत आहे आणि ती वाईट आहे. तो नंबर गल्लीला ठाऊक आहे, हे त्यातले लहान कारण. मोठे कारण असे की कोणताही फोन आपल्या वायफायला जोडला जात असताना हवेतून होणारी देवाणघेवाण गेटबाहेर उभ्या असलेल्या माणसाला टिपून घेता येते, आणि मग घरी जाऊन आपल्या राऊटरशी काहीही संबंध न ठेवता तो पासवर्डचे अंदाज तपासत बसू शकतो. भारतीय मोबाईल क्रमांक 6, 7, 8 किंवा 9 ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर 400 कोटी. हा आकडा आपल्याला प्रचंड वाटतो, परंतु खेळांसाठी घेतलेले चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख अंदाज तपासते, त्यामुळे हे काम काही तासांचे ठरते. याउलट एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, उदाहरणार्थ पापड, सायकल, तुरटी, वेधशाळा (हेच घेऊ नयेत, कारण ते आता छापून आले), तर तो पासवर्ड नातीलाही पाठ होतो आणि यंत्राला मात्र दमवतो. सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए-3 असेल तर तो निवडावा. जुनी उपकरणे त्यावर जोडली जात नसतील, तर डब्ल्यूपीए-2 आणि एईएस पुरेसे आहे.

भाच्याचा सल्ला मनापासूनचा असला तरी उपयोगाचा नाही. नाव लपवले तरी साध्या साधनांनी ते सापडते. उलट आपले मोबाईल बाहेर असतानाही त्या लपलेल्या नावाला हाका मारत फिरतात. त्याऐवजी भाच्याकडून डब्ल्यूपीएस ही सोय बंद करून घ्यावी. बटण दाबून किंवा आठ आकडी पिन देऊन उपकरण जोडण्याची ही सोय आहे. डिसेंबर 2011 मध्ये एका ऑस्ट्रियन संशोधकाने दाखवून दिले की राऊटर ही पिन दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढता येतो, त्यामुळे दहा कोटींऐवजी जेमतेम 11,000 प्रयत्न पुरतात. तेव्हापासून ती बंद ठेवणेच शहाणपणाचे मानले जाते.

आता कॅमेऱ्यांकडे येऊ. कॅमेरे बसवणारा मुलगा आला असेल, त्याने वायरी ओढल्या असतील, डीव्हीआर टीव्हीच्या शेजारी ठेवला असेल, आपल्या यजमानांच्या मोबाईलवर ॲप टाकून “बघा काका, कुठूनही दिसतंय” असे दाखवले असेल आणि पैसे घेऊन तो गेला असेल. त्याने डीव्हीआरला कोणता पासवर्ड दिला, हे आपल्यापैकी कोणाला सांगता येईल का? बहुतेक घरांत सांगता येत नाही. बसवणाऱ्यांची सवय अशी की सगळ्या गिऱ्हाईकांकडे एकच सोपा पासवर्ड ठेवायचा, म्हणजे पुढे दुरुस्तीला आल्यावर आठवावे लागत नाही. सवय त्यांच्या सोयीची आहे, पण तिच्यामुळे गावातली शंभर घरे एका किल्लीने उघडतात.

अशा पासवर्डांचे काय होते, हे जगाने 2016 मध्ये पाहिले. मिराई नावाचा एक प्रोग्राम इंटरनेटवर उघडे असलेले कॅमेरे, डीव्हीआर आणि राऊटर शोधत फिरे आणि कारखान्यातून येणाऱ्या साठेक नाव-पासवर्डांच्या जोड्या त्यांवर आजमावून पाही. एवढ्या साध्या युक्तीने त्याने लाखो उपकरणे ताब्यात घेतली आणि 21 ऑक्टोबर 2016 रोजी डाईन या अमेरिकन कंपनीवर त्यांचा मारा झाला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना काही तास उघडता आल्या नाहीत. ज्यांच्या घरातल्या डीव्हीआरने त्यात भाग घेतला त्यांना पत्ताही नव्हता, कारण कॅमेऱ्याचे चित्र नेहमीसारखेच दिसत होते. आपल्या बाबतीत यापेक्षा जवळची भीती अशी की ज्याला पासवर्ड माहीत आहे त्याला आपला हॉलही दिसतो.

म्हणून पुढील गोष्टी याच आठवड्यात कराव्यात. डीव्हीआरला टीव्ही आणि माऊस जोडून त्याच्या मेनूत वापरकर्त्यांची यादी उघडावी. ‘ॲडमिन’चा पासवर्ड स्वतः बदलावा, बसवणाऱ्या मुलाला बोलावून घेतले तरी नवा पासवर्ड टाईप करताना माऊस आपल्या हातात असावा. ज्यांची ओळख पटत नाही अशी जादा खाती काढून टाकावीत. त्यानंतर ॲप कोणाच्या नावावर आहे ते तपासावे, कारण घोटाळा येथेच अधिक होतो. अशा ॲपमध्ये डीव्हीआर एका मालकाच्या खात्याला बांधलेला असतो आणि इतरांना तो फक्त ‘शेअर’ केलेला असतो. घाईच्या कामात बसवणारा स्वतःच्या खात्याला तो बांधतो आणि आपल्याला शेअर करतो. कायदेशीर मालक आपण आणि ॲपमधला मालक तो, अशी स्थिती निर्माण होते. आपल्या ॲपमध्ये डीव्हीआरच्या नावासमोर दुसऱ्याने शेअर केल्याची खूण दिसत असेल, तर त्याला त्याच्या खात्यातून तो काढायला लावावा, तो आपल्या ई-मेलवर किंवा नंबरवर बांधून घ्यावा आणि मग पासवर्ड आणखी एकदा बदलावा. यात त्या मुलावर आरोप करण्याचे कारण नाही. “आता आमच्या नावावर करून दे” एवढे म्हटले की पुरते.

पुढची तपासणी राऊटरच्या पानावर होते. तेथे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ किंवा ‘व्हर्च्युअल सर्व्हर’ या शीर्षकाखाली 80, 554, 8000 किंवा 37777 असे आकडे दिसले, तर बसवणाऱ्याने बाहेरून डीव्हीआरपर्यंत थेट रस्ता काढून दिला आहे असे समजावे आणि त्या ओळी पुसून टाकाव्यात. क्यूआर कोड स्कॅन करून जोडलेल्या ॲपला असा रस्ता लागत नाही, कारण तेथे डीव्हीआर स्वतःच आतून बाहेर कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो. ओळी पुसल्यावरही मोबाईलवर चित्र दिसत राहील. ‘यूपीएनपी’ही बंद करावे, नाहीतर डीव्हीआर तोच रस्ता स्वतःहून पुन्हा उघडू शकतो. एक खुलासा येथे करतो. कॅमेरे असल्यामुळे इंटरनेट मंद झाले असेल अशी शंका आपल्याला येऊ शकते. परंतु डीव्हीआर चित्रण आपल्या हार्ड डिस्कवर ठेवतो आणि बाहेरून कोणी पाहत असेल तेव्हाच ते इंटरनेटवर जाते, तेव्हा ती शंका सोडून द्यावी.

मला विचाराल तर हॉलमधला कॅमेरा काढूनच टाकावा. गेट, पार्किंग आणि जिना यांच्यावर नजर ठेवण्याचे कारण समजते. घरातली माणसे जेथे पाय पसरून बसतात, तेथे चोवीस तास चित्रण करून कोणाचे रक्षण होते, हे मला आजवर कोणी पटवून दिलेले नाही. पुढेमागे कॅमेरे बदलायची वेळ आलीच, तर केंद्र सरकारने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांच्या सुरक्षा-चाचणीची जी अट एप्रिल 2025 पासून लागू केली, ती पुरी करणाराच माल मागावा आणि बिलावर मॉडेल क्रमांक लिहून घ्यावा.

राऊटरला दोन पासवर्ड असतात, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एक वायफायला जोडण्याचा आणि दुसरा राऊटरचे पान उघडण्याचा. भाच्याने ते पान उघडले तेव्हा त्याने डब्याच्या खाली छापलेलाच पासवर्ड टाकला असेल, तर तोही बदलावा आणि ‘रिमोट मॅनेजमेंट’ (घराबाहेरून राऊटरची सेटिंग्ज बदलण्याची सोय) बंद आहे ना, हे पाहावे. डबा इंटरनेट पुरवठादाराचा असल्यास काही पर्याय त्याने स्वतःकडे राखलेले असतात. अशा वेळी त्याच्याकडून ते करून घ्यावेत आणि फर्मवेअर, म्हणजे राऊटरमधले सॉफ्टवेअर, अद्ययावत आहे का, तेही विचारावे. ही सगळी नवी अक्षरे एका वहीत लिहून ती कपाटात ठेवण्यास माझी हरकत नाही. स्विचबोर्डाशेजारी चिकटवलेल्या कागदास आहे.

अँटिव्हायरससाठी पैसे घालवू नयेत. विंडोजमध्ये मुळातच असलेले डिफेंडर घरगुती वापराला पुरते, आणि राऊटरचे किंवा कॅमेऱ्याचे रक्षण संगणकावरचा अँटिव्हायरस करूही शकत नाही. घरात विंडोज 10 चा संगणक असेल, तर मायक्रोसॉफ्टने त्याचा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबवला आहे. तो विंडोज 11 ला चालतो का हे पाहून घ्यावे, आणि चालत नसेल तर त्यावर बँकेचे व्यवहार करू नयेत.

शेजारच्या मुलाच्या आईशी तक्रार म्हणून बोलू नये. पासवर्ड आपणच दिला होता आणि त्या मुलाने काही वावगे केल्याचे आपल्या पत्रात कोठेही दिसत नाही. मात्र आपल्या कनेक्शनवरून कोणी काही गैर केले, तर पोलीस आधी ज्याच्या नावाने बिल येते त्याच्याकडे चौकशीला येतात, म्हणून यापुढे घरचा पासवर्ड बाहेर देऊ नये. राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’चा पर्याय असल्यास ते वेगळ्या नावाने आणि वेगळ्या पासवर्डने चालू करावे, त्यावर आलेल्या माणसाला इंटरनेट मिळते, पण घरातला डीव्हीआर किंवा लॅपटॉप दिसत नाही. एखादा स्मार्ट दिवा असल्यास तोही त्यावरच ठेवावा. पुढच्या परीक्षेच्या वेळी मुलाने मागितले, तर हा दुसरा पासवर्ड खुशाल द्यावा आणि पेपर संपले की ते नेटवर्क बंद करावे.